राजा झालेली मामेबहीण

स्वतःवर इतकं खूश असलेलं माणूस मी मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरं पाहिलेलं नाही. माझी मामेबहीण आठवीनंतर आमच्याकडे शिकायला आली ती चौकटीला डोकं आपटूनच, आणि कपाळ चोळत म्हणाली, "दार ठेंगणा आसा गो तुमचा!" दोष कधी तिचा नसेच. उंची माडाची, दात पुढे, रंग तव्याच्या बुडाचा, पण पाणी शेंदताना विहिरीत डोकावून ती स्वतःलाच सांगे, "बरी दिसतस गो!" परकर दर जत्रेगणिक घोट्यावरून वर सरके, तर म्हणे, "कापड आटता." वर्गातल्या पोरांनी तिला 'दीपस्तंभ' म्हटलं, तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, "मगे वाट बघून चला, नायतर खडकार आपटशात." त्या दिवसापासून पोरं तिला खरोखरच वळसा घालून जाऊ लागली.

मी अगदी उलटी. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, त्यांचे वण गालभर. शाळेत मी शेवटच्या बाकावर, दाढ दुखत असल्यासारखी गालाला हात लावून बसे. संमेलनात मुलींचं नाटक ठरलं. राजा कोण हा प्रश्नच नव्हता. बाकीच्या मुली मामेबहिणीच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. राणी व्हायला वखारवाल्यांची गोरी लेक केव्हाची तयार होती. पण या बयेने मला ओढत बाईंपुढे उभं केलं. "राणी ही."

मुली फिदीफिदी हसल्या. माझा हात पुन्हा गालाकडे गेला.

"राजा मी आसंय," हातातली पुठ्ठ्याची तलवार उगारून ती कडाडली. "बायल खंयची ती मीच ठरवतलंय. नायतर ही तलवार घेवा, मी घराक चललंय!"

बाईंना हसू आवरेना. गोरी लेक प्रधान झाली.

भर दुपारी झावळांच्या मांडवात मी नाकापर्यंत पदर ओढून उभी राहिले. सगळी वाक्यं विसरले. राजाने "राणीसाहेब!" अशी डरकाळी फोडली आणि खळीने चिकटवलेली मिशी उडून माझ्या ओंजळीत पडली. मग राजाच म्हणाला, "प्रधानजी, आमची मिशी राणीसाहेबांकडे गेली! आता राज्य कोणी चालवूचा?" मांडव कोसळायचा बाकी राहिला. मीही इतकी हसले, की पदर खांद्यावर आला तरी कळलं नाही. समोर अख्खा गाव, आणि माझे दोन्ही हात मिशी सांभाळण्यात गुंतलेले.

मॅट्रिक झाल्यावर कुडाळची मंडळी तिला बघून गेली. मुलगी मुलाहून उंच म्हणून नकार आला. ती आधी खदखदून हसली, "बिचारो! शिडी घेवन येवचा हुता!" मग मागच्या पायरीवर बांगडे साफ करत बसली, आणि बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माका खरा सांग गो. मी भेसूर दिसतंय?"

मी "नाय गो" म्हटलं, पण फार घाईने. तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. तिने हातातला बांगडा खाली ठेवला. माझ्या खांद्यावर डोकं टेकवायला तिला खूप वाकावं लागलं.