आजीचे पाय सरळ आहेत

माझ्या सासूबाईंच्या फोटोला झेंडूचा हार घातला गेला, त्याच सकाळी त्यांनी स्वतः पुरणपोळ्या लाटल्या होत्या.

हेतू चांगला होता हो! माझ्या लेकीच्या, ओवीच्या सानपाड्याच्या शाळेत मुलांना जगाची ओळख व्हावी म्हणून परदेशी पाहुण्यांना बोलावतात. यंदा पाहुणा आणायला मी हात वर केला (ही माझी जुनी खोड!). ऐरोलीला माझ्या ऑफिसात मेक्सिकोची मारिसोल आहे. ती म्हणाली, "आमच्याकडे वर्षातून एकदा गेलेली माणसं घरी जेवायला येतात. त्यांचे फोटो मांडायचे, दिवे लावायचे, आवडीचं वाढायचं. मुलांना त्यांच्या घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो आणायला सांग."

आता पालकांच्या ग्रुपवर सकाळी सकाळी 'गेलेल्या माणसांचे' असं कसं लिहायचं? अभद्र दिसतं ते! मी तेवढं गाळलं आणि लिहिलं, 'आजी-आजोबांचा फोटो पाठवावा.' वर हात जोडलेली इमोजी.

कार्यक्रमाला हॉलचे पडदे ओढले होते, ट्यूबलाइट बंद. पणत्यांच्या उजेडात दारापासून स्टेजपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट पसरली होती; स्टेजवर फोटो, त्यांच्यापुढे वाढलेली ताटं आणि मारिसोलनं आणलेला गोड पाव. मारिसोल एकेका फोटोला हार घालत हळू आवाजात सांगत होती, मी ते मराठीत सांगत होते. "या वासावर ती माणसं वाट काढत येतात..." माझ्याच अंगावर काटा आला.

मग फोटोंकडे नीट पाहिलं. एक आजोबा गॉगल लावून लोणावळ्याला भजी खात होते. शेजारच्या आजी ट्रेडमिलवर. इतके तरतरीत मृतात्मे मी जन्मात पाहिले नव्हते! आणि मधोमध, मोतिया साडीत, हारातून माझ्याकडे रोखून बघणाऱ्या... सासूबाई!

महिन्यापूर्वीच त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. तेव्हापासून शेजारीण शिंकली तरी त्या अपशकुन धरत. हे कळलं तर घाबरूनच काहीतरी व्हायचं त्यांना!

"ओवी, आजीचा फोटो कशाला आणलास?" मी कुजबुजले.

"तूच लिहिलंस ना! आजोबांचा खिळ्यावरून निघाला नाही."

मी फोटो उचलायला वाकले, तेवढ्यात मारिसोल म्हणाली, "आता सगळ्यांनी डोळे मिटा. त्यांना मनातून हाक मारा."

हॉल चिडीचूप झाला. आणि दार करकरलं.

वाऱ्यानं पणत्या फडफडल्या. कुणाचा तरी जड श्वास ऐकू आला. पाकळ्यांवरून सावकाश, एकेक पाऊल टाकत तीच मोतिया साडी पुढे येत होती.

"आली!" एक मुलगी किंचाळली. मग काय! मुलं बाकांखाली, टीचर खुर्चीवर. मारिसोलनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुटपुटली, "आमच्याकडे इतक्या लवकर कुणी येत नाही!"

ओवी तेवढी जागची हलली नाही. थरथरत ओरडली, "आजी, आधी पाय दाखव!"

सासूबाईंनी गोंधळून साडी वर केली. बाकांखालून चाळीस डोकी वाकली. "सरळ आहेत! आजीचे पाय सरळ आहेत!"

"आता कुठे उलटे होणार?" त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पुरणपोळ्यांचा डबा विसरलीस गं टेबलावर. रिक्षा करून आले." आणि त्यांची नजर फोटोवर गेली.

त्यांनी हार चाचपून पाहिला. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "झालं वाटतं माझं. मला कुणी कळवलंच नाही."

मला रडूच फुटलं. "आई, चुकले हो मी! तुम्ही हव्या आहात आम्हाला." इतक्या वर्षांत हे मी त्यांना कधी बोलले नव्हते. बोलले ते नेमकं चाळीस मुलांसमोर!

त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. "पुरे आता. हे फोटोपुढचं ताट कुणाचं?"

"तुमचं," मी हुंदका गिळत म्हणाले.

"मग गार कशाला करताय?" त्या स्वतःच्या फोटोसमोर मांडी घालून जेवायला बसल्या. मारिसोलला पुरणपोळी वाढली, तिचा गोड पाव मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन घरच्या हॉलमध्ये आले. भिंतीवरच्या माझ्या फोटोला टपोऱ्या झेंडूचा हार! खाली ताटलीत काल रात्रीची भेंडी.

"आई, हे काय?"

"फुलं उरली होती गं," स्वयंपाकघरातून आवाज आला. "वाया कशाला घालवायची?"

मी चहा खाली ठेवला, गाऊन जरा वर धरला आणि गुपचूप आधी स्वतःचे पाय तपासले.