आधी बोट, मग कोन

मोहरील सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती आईबरोबर, अकरावीत असताना. आठवीपर्यंत आईनेच मला घरी शिकवले होते. परक्यासमोर गणित सोडवायची मला धास्ती वाटे. चौबे कॉलनीतल्या त्या अंगणात सरांनी उणे तीन, उणे तीन हा बिंदू दिला. तो ध्रुवीय निर्देशकांत मांडायचा होता. म्हणजे आरंभबिंदूपासून तो किती अंतरावर आणि कोणत्या कोनात आहे, हे सांगायचे. दोन्ही निर्देशकांचा भागाकार एक आला, म्हणून मी पंचेचाळीस अंश लिहिले.

"तपासलं?" सरांनी विचारले.

"तीनदा, सर."

"तिन्ही खेपा एकाच वाटेनं गेली तू. ऊठ."

फरशीवर खडूने दोन अक्ष आखलेले होते. सरांनी मला त्यांच्या छेदावर उभे केले.

"आता बोट दाखव. कुठे आहे बिंदू?"

माझे बोट आपोआप पाठीमागे गेले. माझे उत्तर मात्र समोर होते.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी काहून छळून राहिले पोट्टीले?"

"छळत नाही. बिंदू मागे ठेवून ही पुढे चालली होती."

मी दोनशे पंचवीस अंश लिहिले. आधी बोट, मग कोन, हा सरांच्या वर्गाचा नियम होता. लांबच्या बीरगांवहून सायकलने येणारी मुलेही तो पाळत. त्यांना उशीर झाला, तर सर धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत आणि आम्ही कुरकुरलो की म्हणत, "तुमचं घर जवळ आहे, ही तुमची हुशारी नाही."

सरांच्या पंचाहत्तरीच्या समारंभासाठी निघणाऱ्या या गौरवग्रंथात आनंदाचे लिहावे, अशी सूचना आहे. पण पुढचे गाळले, तर लेख खोटा होईल.

साखरेच्या आजाराने सरांची दृष्टी गेली. काकू होत्या तोवर त्या हात धरत. त्या गेल्यावर सर एकटेच त्या घरात राहिले. सुरुवातीला ते भिंत धरून चालत. इतके सरळ, मग वळून इतके, अशी ती कार्तीय रीत होती. पुढे त्यांनी आपल्या खुर्चीलाच आरंभबिंदू केले. खुर्चीत बसूनच ते माठाच्या दिशेने बोट धरत आणि मग उठून थेट चालत. त्यांचा हात माठावरच पडे. वर्गही त्याच खुर्चीतून चाले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचे चिरंजीव हेमंतदादा बंगळुरूहून आले. खुर्चीत झोपलेल्या वडिलांना वारा लागावा म्हणून त्यांनी खुर्ची तशीच पंख्याखाली सरकवली. दुपारी सर पाणी प्यायला उठून नेहमीच्याच दिशेने निघाले आणि उंबऱ्याला अडखळून पडले. खुब्याचे हाड मोडले.

इस्पितळात दादा रडत होते. "बाबा, मी फक्त पंख्याखाली ठेवली हो."

"कोन बरोबर होता," सर म्हणाले. "अंतरही बरोबर होतं. खुर्ची हलली होती." मग दादांचा हात चाचपत म्हणाले, "तुझं चुकलं नाही रे. तुले दिसते."

आता सर वॉकर धरून चालतात. या समारंभानंतर दादा त्यांना बंगळुरूला नेणार आहेत. इथले घर विकले जाईल आणि वर्ग बंद होईल. सरांना जायचे नव्हते. ते कोणालाच तसे म्हणाले नाहीत. मला एवढेच म्हणाले, "तिथं पहिले खुर्ची ठेवू. मग मले एकदा माठापर्यंत नेऊन आणा, बस."

सरांना पंचाहत्तरीनंतरही दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो, ही प्रार्थना. आणि त्या नव्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती आहे: झाडताना सरांची खुर्ची हलवलीत, तर ती होती तिथेच परत ठेवा.