पळसाच्या देठांचा माणूस

आपल्या जिल्ह्यातला माणूस परदेशात गेला की तिथं कुणाच्या शेजारी राहतो, एवढ्या एका प्रश्नावर माझं सगळं संशोधन चालतं. मी यवतमाळात समाजशास्त्र शिकवते, माहेर बाभुळगावचं. लोकांच्या नसत्या चौकशा करायचा पगार घेते, असं माझा भाऊ म्हणतो आणि ते फारसं चूकही नाही. आखातातल्या ज्या खोल्यांमधून आमची माणसं राहतात, त्यांचे मी नकाशे काढते. ढाणकीची पोरं एका इमारतीत, दारव्ह्याकडची दुसरीत. इथं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ज्यांचं बोलणं बंद आहे, ते तिकडं वरखाली खाटांवर झोपतात आणि एका पातेल्यातली डाळ खातात. एवढा समुद्र ओलांडून माणूस शेवटी गावच्याच माणसाशेजारी अंथरूण पसरतो. हे आपण शोधून काढलं याचा मला भारी तोरा होता.

बोरी अरबच्या एका घरी मी असेच प्रश्न घेऊन गेले. ओसरीवर सासरा बसला होता, उंबऱ्याशी सून तूर निवडत होती. तिचा नवरा सुतारकामाला मस्कतला होता, असं गावात कळलं होतं. मी सवयीनं विचारलं, "ते कधी गेले?"

तिचे हात थांबले. "गेले नाही मॅडम," ती म्हणाली. "गेलते."

मी याच मातीतली, तरी मला ते सुचू नये. गेले म्हणजे संपले. गेलते म्हणजे परत यायचे आहेत. पहिलं वर्षभर त्याचे फोन आले आणि मग एकदम बंद झाले. तेव्हापासून बारा वर्षं ती त्या एका अक्षरावर घर चालवत होती. त्या दिवसानंतर मी कुठल्याही घरी तो प्रश्न तसा विचारला नाही.

सासऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचं क्रियाकर्म उरकून टाकायची रीत आहे. देह नसतो, म्हणून पळसाच्या देठांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. म्हाताऱ्याला ते लवकर करायचं होतं, कारण त्याला पोरगा दिसत असे. भर दिवसा, न्हाणीजवळ, ओल्या कपड्यांनी उभा. पाणी मागायचा म्हणे. म्हातारा उठून तांब्या भरून न्यायचा आणि तसाच भरलेला परत आणायचा. झोप तर त्याची कधीचीच उडाली होती. पोराचा जीव भटकतो आहे, त्याला मोकळं केलं पाहिजे, असं तो सगळ्यांना सांगे. भूतबित काही नसतं, हे मी वर्गात ठासून सांगते. त्या ओसरीवर मात्र मी न्हाणीकडं पाठ करून एकदाही बसले नाही.

मी मस्कतला जाणार हे कळल्यावर सून मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिकडं चालल्याच आहात तर बघा, म्हणाली, आणि मी परत येईपर्यंत तिनं सासऱ्याला थोपवून धरलं.

मी खूप हिंडले. बोरी दारव्ह्याकडचीच, म्हणून आधी त्यांच्या सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या, मग दिग्रसवाल्यांच्या. कुणाला ठाऊक नव्हतं. एका जुन्या माणसानं तेवढं सांगितलं, की तो कंपनी सोडून पळाला, पासपोर्ट कंपनीकडंच राहिला, पुढं कुणी पाहिलं नाही. माझ्या नकाशाप्रमाणं असं होऊच शकत नव्हतं. आमचा माणूस आमच्या खोल्यांबाहेर राहत नाही, हे तर मी लिहून बसले होते. तेव्हा तो जिवंतच नाही, असं माझं मलाच पटलं. परत येऊन तसं सांगितलं. त्या दिवसापासून तिनं सासऱ्याला अडवणं सोडलं.

विधीला मी गेले. नदीकाठी भटजी पळसाचे देठ मांडत होते, आधी पाय, मग धड. बाया लांब बसल्या होत्या. सून उठली, जवळ येऊन उभी राहिली आणि बघत राहिली.

"एवढे उंच नोयते ते," ती म्हणाली.

भटजींनी सासऱ्याकडं पाहिलं. सासऱ्यानं मान डोलावली. पायाचे देठ काढून माणूस बुटका केला. मग ती म्हणाली, डावा खांदा जरा खाली घ्या, रंधा मारून मारून तो उतरला होता. तेही केलं. पहिल्यांदाच तो माणूस मला दिसला, उताणा पडलेला, खांदा उतरलेला. मग म्हाताऱ्यानं त्याला अग्नी दिला. आजही फाल्गुनात दारव्हा रोडनं जाताना दोन्ही बाजूंना पळस फुललेला असतो आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसते.

त्यानंतर म्हाताऱ्याला झोप लागू लागली. तांब्या सुटला. जेवण वाढलं.

पोळा झाल्यावर तिकडून माझ्या मोबाइलवर एक आवाजी निरोप आला. दिग्रसचा एक जण कामासाठी लांबच्या बंदरावर गेला होता. तिथं होड्या दुरुस्त करणाऱ्यांत एक सुतार वऱ्हाडी बोलताना सापडला. आजूबाजूला सगळे परमुलखातले, आपला एकही नाही. मुद्दामच तसा राहिला होता. दिग्रसवाल्यानं त्याला माझा नंबर दिला होता, निरोप त्या सुताराचाच होता. मी जेवता जेवता ते ऐकलं आणि ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी मी बोरीला गेले. सासरा आत झोपला होता, त्याचं घोरणं ओसरीवर ऐकू येत होतं. मी फोन तिच्या कानाला लावला. त्यात तो म्हणत होता, "मॅडम, बाबा हायेत का, तेवढंच सांगा. तोंड दाखवाची हिंमत नाही मले. पण बाबा असले तर येतो. कसाही येतो."

तिनं दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा का, ते मला कळलं. त्यात तिच्याबद्दल एक शब्द नव्हता.

"आवाज त्यायचाच हाये," ती म्हणाली. मग बराच वेळ ती आतल्या घोरण्याकडं कान देऊन बसली. "लेहा, बाबा नाहीत म्हणून."

जित्या पोराला आपल्या हातानं आग दिली, हे कळलं तर म्हातारा जागच्या जागी मरेल, असं ती हळू आवाजात म्हणाली. आणि मग, "बारा वर्सं मी त्यायले जितं ठेवलं मॅडम. आता मले होत नाही."

मी लिहिलं. पाठवलंही. आत म्हातारा शांत घोरत होता.

पित्रं लागायच्या आधी त्याचा पुन्हा निरोप आला. आवाज नव्हता, लिहिलेलं होतं. बाबांची तिथी कोणती, एवढंच त्यानं विचारलं होतं.

मी फोन करून तिला सांगितलं. याचं उत्तर तिच्याजवळ नसणार, असं मला वाटलं होतं. पण ती म्हणाली, दशमी सांगा. पळसाच्या माणसाला अग्नी दिला, ती दशमी.

त्या दशमीला मी बोरीला होते. म्हाताऱ्यानं पोराच्या नावानं वाढलेलं पान कौलांवर ठेवलं, हात जोडले आणि कावळ्याची वाट पाहत उन्हात उभा राहिला. सुनेनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिकडं बंदरावर त्या वेळी तोही कुठल्या तरी पत्र्यावर बापाच्या नावानं भात ठेवून असाच वर बघत उभा असेल.