मोकळा झालेला सांधा
निलगिरीच्या तेलाचा वास आला की कॉलनीतल्या मंदिराचा सभामंडप आठवतो. थंडीतली सकाळ, योगवर्ग भरलेला, आणि शहागंजातून आणलेल्या नव्या सतरंजीवर पद्मासन घालायला धडपडणारी माझी आई. तिची मांडी खुब्यातून वळतच नव्हती, म्हणून उजवा गुडघा अधांतरी राहिला होता. "ढिलं सोडा ताई," म्हणत योगशिक्षकांनी तो वरून दाबला. कट्टकन आवाज झाला. "बघा, सांधा मोकळा झाला!" ते म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईही हसली, चारचौघांत ओरडणार कशी? वर्ग संपल्यावर मात्र तिला उठताच येईना. "त्यांना काही बोलू नकोस, लई जीव लावून शिकवतात," रिक्षात ती कण्हत म्हणाली. आता ती पूजाही खुर्चीत बसून करते. रोज तिच्या गुडघ्याला तेल चोळताना मला त्या टाळ्या ऐकू येतात.