हिचं स्टेशन

हिच्यासोबत शेवटचं म्हणजे सोसायटीत उभ्या गाडीत बसून चणे खाल्ले, गाणी ऐकली. रेडिओचं स्टेशन तिनेच एका बटणावर लावून ठेवलेलं. कुठलं, ते मला माहीत नाही.

ती गेली आणि काही दिवसांनी रेडिओचे आकडे दिसेनात, बटणंही चालेनात. तळमजल्यावरच्या शेजाऱ्याला बोलावलं; आम्ही गाडीत चणे खात बसलो की त्याच्या खिडकीतून दिसायचो. हा फ्रिज बघो नाहीतर पंखा, आधी कान लावतो, मग मालकाला शिव्या घालतो.

बॉनेट उघडून म्हणाला, "बॅटरीच्या टोकांवर मीठ साचलंय. करंट धड पोचणार कसा? गाडी ठेवलीस की लोणचं घातलंस?"

पाना लावला आणि थांबला. "आत्ता थेंबभर करंट येतोय, त्यावर याची आठवण टिकून आहे. वायर काढली की रेडिओ सगळं विसरतो रे. वहिनींचं स्टेशन आहे ना यात?"

मी मान डोलावली. माझ्या गाडीची चावी खिशात टाकून तो निघून गेला.

सकाळी खाली आलो तर त्याने आपल्या स्कूटरची बॅटरी काढून माझ्या गाडीच्या वायरींना जोडलेली, म्हणजे रेडिओ जागा राहील. टोकं घासून झाली, आकडे उजळले.

"बटण तू दाब," म्हणाला, आणि माझ्या शेजारची सीट रिकामी ठेवून मागे जाऊन बसला.

गाणं लागलं.

"चणे नाही आणलेस?" मागून आवाज आला.