वजनकाट्यावरची शिंपीणबाई

शिंपीणबाई हे तिला ऑफिसातल्यांनी ठेवलेलं नाव. अर्धं आयुष्य शिलाई मशीनवर घालवून, कॉलेजात शिकणाऱ्या लेकीच्या शेजारी बसून शिकून ही बाई चाळिशीत सॉफ्टवेअर कंपनीत शिरली, म्हणून शिंपीणबाई. ती चिडायची नाही. उलट कुणी विचारलं, "फ्रंटएंड म्हणजे तुम्ही नक्की करता काय हो?" की तिला चेव यायचा. "मागं हिशेब चालतो, तो कुणाला दिसत नाही. पुढं माणूस बसतो. त्याला जे दिसतं, ज्याला तो बोट लावतो, ते सगळं माझं!" आणि 'सगळं' म्हणताना हात असे पसरायची की शेजारच्याचा चहा सांडायचा.

आजवर तिच्या वाट्याला दुसऱ्यांच्या स्क्रीनची डागडुजीच आली होती. आता पहिल्यांदा अख्खी स्क्रीन तिची होती, सिमेंट कारखान्याच्या वजनकाट्यासाठी. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, काटेवाला गाडीचा नंबर टाकून एंटर दाबतो, वजन नोंदलं जातं, पावती बाहेर येते. काम एवढंच, पण तिनं त्यात जीव ओतला होता. टपोरे आकडे, डोळ्यांना न टोचणारा रंग. लेकीला तर इतक्यांदा दाखवली की ती म्हणाली, "आई, पुरे! मला झोपेतसुद्धा ट्रक दिसतात."

स्क्रीन सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी बोंब. एकेका गाडीच्या दोन-दोन पावत्या! फाटकावरचा वॉचमन दोन पावत्यांची गाडी सोडेना. ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली, हॉर्ननी कान किटले. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "उद्या दुपारपर्यंत वाट बघतो. नाहीतर जुनी स्क्रीन परत, आणि तुम्हीही परत डागडुजीला."

ती तडक मागचा हिशेब लिहिणाऱ्याच्या टेबलाशी गेली. तो म्हणाला, "माझ्याकडे दोन आल्या, मी दोन नोंदल्या," आणि हात झटकून मोकळा झाला. ऑफिसात तिनं शंभरदा करून पाहिलं, पावती एकच. भूत म्हणावं तर ते भर दिवसा, आणि तेही फक्त काट्यावरच!

मग तिला स्वतःचाच राग आला. माप न घेता तिनं जन्मात कधी कापडाला कात्री लावली नव्हती. आणि इथं काट्यावर एकदाही पाऊल न टाकता स्क्रीन बेतून बसली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती काट्याच्या केबिनमध्ये हजर. खिडकीची काच सिमेंटच्या धुळीनं पांढुरकी झालेली, खुर्चीत निवृत्तीला टेकलेले काटेवाले काका.

"काका, एंटर कितीदा दाबता?"

"एकदाच! हा काय प्रश्न झाला?"

ती स्टूल ओढून बसली आणि स्क्रीन सोडून त्यांच्या हाताकडेच बघत राहिली. ट्रक चढला. काकांची नजर खिडकीबाहेर, चाकं काट्यावर नीट आली का यावर. बोटं आपली आपण चालली. टक-टक.

"काका, दोनदा!" ती उडालीच स्टुलावरून.

"छे, एकदाच."

पुढचा ट्रक. टक-टक. या वेळी काकांनी खाली पाहिलं, तेही असं की जणू ते बोट शेजाऱ्याचं असावं. "अरेच्चा! तो जुना कीबोर्ड पहिल्या दाबाला दादच द्यायचा नाही हो. तो कधीच भंगारात गेला. बोटाला कुणी कळवलंच नाही!"

जुनी स्क्रीन इतकी मठ्ठ की दुसरी टक तिच्या गावीही नसायची. शिंपीणबाईची चपळ स्क्रीन दोन्ही हुकूम इमानानं पाळत होती.

तिनं साहेबांना फोन लावला. आनंदानं तिला धड बोलता येत नव्हतं. साहेब म्हणाले, "मग तिथं पाटी लावा, एकदाच दाबा."

"साहेब, बोटाला कुठं वाचता येतं? त्यांचं बोट राहू दे. माझी स्क्रीन बदलते!"

केबिनच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन ती भिडली. पहिला एंटर घ्यायचा, मग गाडी काट्यावरून उतरेपर्यंत दुसऱ्याला ओ द्यायचीच नाही. काका पाणी प्यायला उठले तेवढ्यात तिनं बदल चढवला आणि श्वास रोखून मागं उभी राहिली.

ट्रक चढला. टक-टक. पावती एक! पुढचा ट्रक. पुन्हा एक! तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. रांग सरकू लागली, हॉर्न थांबले, वॉचमन निवांत टेकला. दुपार झाली. आता काका वळतील, काहीतरी म्हणतील, म्हणून ती थांबून राहिली.

शेवटी काका वळले. "ताई, तुमची ती दुरुस्ती कधी बसवताय? आधी सांगा हं, म्हणजे मी बोट आवरून धरीन." आणि बोलता बोलता पुढच्या गाडीला टक-टक.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "काय झालं? काका काय म्हणतात?"

"साहेब," शिंपीणबाई खुशीत ओरडलीच, "त्यांना कळलंसुद्धा नाही!"