आवळीखाली अक्का झोपल्या

मुदखेडहून फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी गॅसपुढे उभी होते, दूध वर यायची वाट बघत. अक्कांच्या शेजारच्या पार्वतीबाई बोलत होत्या. "वैनी, अक्का दार उघडून नाही राहिल्या बघा. सकाळपासनं हाका मारून राहिले मी." थोड्या वेळानं दुसरा फोन आला. मागच्या दारानं आत जाऊन बघितलं होतं. अक्का झोपेतच गेल्या होत्या... माझ्या मनात पहिला विचार जो आला, तो लिहायला मला जरा संकोच वाटतो. मला वाटलं, चला, झोपल्या एकदाच्या. मग दूध उतू गेलं आणि ते पुसता पुसता मला रडू आलं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, सुमन. घरात लहानथोर सगळेच त्यांना अक्का म्हणायचे. त्यांच्या दहाव्याला नात्यातल्या एक वयस्कर मावशी सुस्कारा टाकून म्हणाल्या, "लई केलं बाई तिनं समद्यांचं. पर शेवटाला घरच्याच पोरीला न्हाई म्हणली. तेवढं राह्यलं." मंडपातल्या आठ-दहा जणींनी माना डोलावल्या. जन्मभर केलं ते एका वाक्यात उरकलं, आणि एकदा केलं नाही ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मी दुःखाच्या घरी भांडण नको म्हणून गप्प बसले, पण त्या डोलणाऱ्या माना काही डोळ्यांपुढून जाईनात. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

अक्कांचं लग्न मुदखेडला झालं. यजमान रेल्वेत होते. लग्नाला पाच-सहा वर्षं होतात न होतात तोच त्यांना लकवा मारला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, आणि माणूस दहा-बारा वर्षं खाटेवर राहिला. मूलबाळ झालं नव्हतं. त्या दिवसांत अक्कांनी एक पद्धत काढली होती. जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडायची, तिचं एक टोक यजमानांच्या डाव्या मनगटाला, दुसरं आपल्या मनगटाला. आपण खाटेखाली जमिनीवर आडवं व्हायचं. त्यांना हाक मारता येत नव्हती, पण हात हलवला की पट्टी ओढली जायची आणि अक्का उठून बसायच्या. यजमान गेले, पट्टी काही गेली नाही. पुढं माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात, सासूबाईंच्या, माझ्या दोन्ही बाळंतपणांत, कोणाच्या मोतीबिंदूत, कोणाच्या काविळीत, अक्का एक कापडी पिशवी घेऊन एसटीतून उतरायच्या आणि पिशवीत ती पट्टी असायची. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी बाळाला घेऊन पडले होते तेव्हा पट्टीचं टोक माझ्या हाताला होतं. मी कूस बदलली तरी अक्का खालून विचारायच्या, "काय गं, पाणी पायजे का?" मला तेव्हा फार बरं वाटायचं. त्या कधी झोपतात, हा प्रश्न मला पडलाच नाही. कोणालाच पडला नाही. घरात एक शब्द ठरून गेला होता, "मोकळी". अक्का काय, मोकळीच आहे. अक्काला बोलवा, ती मोकळी आहे... ज्या बाईला स्वतःचं घर आठवड्यातून एकदा झाडायलाही मिळत नव्हतं, तिला आम्ही सगळे मोकळी म्हणत होतो.

त्यांनी आयुष्यात आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. औशाजवळ आमचं शेत आहे, विहिरीच्या अंगाला एक जुनी आवळी आहे. कार्तिकात नवमीनंतर एखादा दिवस बघून आम्ही तिथं आवळीभोजनाला जातो. आवळीला सूत गुंडाळायचं, हळदकुंकू वाहायचं, दिवा लावायचा, आणि झाडाजवळच रांधून खायचं. सोयाबीन निघालेलं असतं, तूर फुलावर असते, ऊन सोसवेल इतकं उतरलेलं असतं. ऐकायला छान वाटतं. पण मी आणि माझी जाऊबाई पहाटेपासून पिशव्या भरायचो, तिथं जाऊन धुरात डोळे पुसत वीस माणसांचा स्वयंपाक करायचो, पुरुष विहिरीवर गप्पा हाणायचे, आणि परत आल्यावर भांडी आमचीच. मला तर त्या दिवसाची धास्तीच असायची. त्यांचे यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या कार्तिकात अक्का आल्या. चूल मांडायची वेळ झाली तशा सतरंजीवर बसल्या, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "आज मी हात लावत न्हाई. ह्या दोघीबी लावत न्हाईत. आज बापे करतील." माझे यजमान हसले. अक्का हसल्या नाहीत. "आमच्या मुदखेडाकडं रोडगे बापेच करतेत. तुमाला काय हात न्हाईत का?"

माझे धाकटे दीर, सुधाकर भाऊजी, लातूरला एका डाळमिलमध्ये खरेदीचं काम बघतात. तुरीचा एक दाणा दाताखाली फोडून ते सांगतात माल कुठल्या रानातला. त्यामुळे वरण त्यांच्याकडे आलं. त्यांनी मोठ्या थाटात पातेलं चढवलं आणि चव यावी म्हणून पाण्याबरोबरच मीठ आणि चिंचेचा कोळ घातला. झालं! आंबट पडल्यावर डाळ कशाची शिजते? खाली तुराट्या भडकून विझायच्या, पुन्हा भडकून विझायच्या, आणि डाळ आपली टणाटण. दुपार कलली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे वरून काळे, आत कच्चे. आम्ही कच्चं पीठ खरवडून काढलं आणि उरलेलं तूप-गुळाशी खाल्लं. अक्का पोट धरून हसत होत्या. "अरे, डाळीच्या बाजारात जन्म गेला तुझा, अन् डाळ तुला ओळख दीना!" भाऊजी तेव्हापासून दरवर्षी ईर्ष्येनं करायचे आणि हळूहळू हात बसला. पण चिंच हातात घेतली की अजूनही कोणीतरी ओरडायचंच, "आत्ता न्हाई, आत्ता न्हाई!"

तेव्हापासून आवळीचा दिवस पुरुषांचा झाला आणि आम्हा बायकांना एक दिवस सुट्टी मिळाली. आम्हाला म्हणजे मला आणि जाऊबाईंना. अक्कांना ती नीट मिळाली असं मला वाटत नाही. बसायच्या सतरंजीवरच, पण नजर सगळीकडे. कोणाचं पोर विहिरीकडे गेलं, कोणाला ठसका लागला... एखाद्या वर्षी आवळीच्याच दिवशी कोणी ना कोणी दवाखान्यात असायचं, मग त्या यायच्याच नाहीत. अशी वर्षं थोडी नव्हती.

गेल्या कार्तिकात भाऊजींच्या मुलीचे, प्रीतीचे, दिवस भरत आले होते. ती पुण्याला असते. जाऊबाईंचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या काठी घेऊन चालत होत्या. अर्थातच अक्कांना फोन गेला. आणि अक्का म्हणाल्या, "यंदा मी येत न्हाई." भाऊजींना वाटलं ऐकायला चुकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. "आवळीला येते. पुण्याला येत न्हाई." बस्स, एवढंच. कारण सांगितलं नाही. कारण सांगायची सवयच नव्हती त्यांना, कारण कधी नाही म्हणायची वेळच आली नव्हती. घरात वादळ उठलं. भाऊजी म्हणाले, "म्हातारपणी हिला हे काय सुचलं?" माझे यजमान मला म्हणाले, "तू बोल. तुझं ऐकते ती." मी फोन लावला. पलीकडून मालगाडीचा आवाज येत होता. तो थांबल्यावर अक्का म्हणाल्या, "शोभा, बाळंतिणीजवळ बसायचं म्हणजे रातभर जागायचं. मला आता उठवत न्हाई गं. आन् तिथं जाऊन झोपून राहिले तर लाज वाटंल." मी म्हटलं, "अक्का, दवाखान्यात दाखवू या का?" त्या म्हणाल्या, "दवाखाना लई बघितला. मला झाडाखाली बसू द्या एक दिवस." ... मी सगळ्यांना सांगून टाकलं, अक्का येणार नाहीत, कोणीही पुन्हा फोन करायचा नाही. शेवटी प्रीतीच्या सासूबाई आल्या, एक बाई लावली, आणि सगळं सुखरूप झालं. कोणाचं काहीही अडलं नाही.

पण आवळीच्या दिवशी हे काही झालेलं नव्हतं. भाऊजी आले ते तोंड फुगवून. बहिणीशी एक शब्द नाही. गोवऱ्या रचल्या, चूल पेटवली, पीठ तिंबायला घेतलं, सगळं आदळआपट करत. अक्का आवळीला हळदकुंकू लावून सतरंजीवर आल्या, माझ्याजवळ बसल्या. चेहरा ओढलेला होता. म्हणाल्या, "जरा आडवी होते गं." आणि झाल्या. वांगी भाजताना त्या दोघा भावांची उडालेली तारांबळ मी बघत होते, मध्येच वळून पाहिलं तर अक्का गाढ झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, हात बाजूला पडलेला, अंगावर आवळीची बारीक पानं.

वरण झालं. रोडगे झाले. पोरांना भूक लागली. भाऊजी ताटं मांडायला आले आणि हाक मारायला तोंड उघडून तसेच थांबले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वैनी, अक्काला झोपलेली मी आज पहिल्यांदा बघून राहिलो." ते म्हणाले, "लहानपणी मला टायफॉइड झाला तवा बी हीच बसली होती. डोळा उघडला की ही जागीच." त्यांनी वाकून बहिणीच्या मनगटाकडे पाहिलं. "पट्टी न्हाई आज." वाऱ्यानं धूर सतरंजीकडे यायला लागला होता. साठीचा तो माणूस पळत चुलीकडे गेला, जळतं लाकूड ओढून काढलं, त्याच्यावर माती लोटली, आणि पोरांना दटावलं, "आवाज करायचा न्हाई कोणी." पोरांना आधी वाढलं. आम्ही चौघं, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा, जेवायचे थांबलो. सगळं गार झालं. तूप थिजलं. ऊन विहिरीच्या पलीकडे गेलं तरी कोणी अक्कांना उठवलं नाही. मी पुष्कळ समारंभ पाहिले, पण आमच्या घरात कोणी कोणाचा इतका मान ठेवलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

उतरत्या उन्हात त्या जाग्या झाल्या. घाबरून उठून बसल्या, पदर सावरला, पहिलं वाक्य, "जेवलेत का समदे?" भाऊजींनी ताट पुढं ठेवलं. गार वरण, कडक झालेला रोडगा. अक्कांनी घास घेतला, चावला, भावाकडे बघितलं. "शिजली की रे डाळ." भाऊजी पाणी आणायला म्हणून विहिरीकडे गेले ते बराच वेळ आले नाहीत.

त्यानंतर काही आठवड्यांतच मुदखेडचा तो फोन आला. अक्कांनी पोरीला नाही म्हटलं, असं जे म्हणतात त्यांना मला एवढंच सांगायचं आहे... त्या एका नाहीमुळे त्यांना एक दुपार मिळाली. एवढ्या मोठ्या आयुष्यात एक दुपार. तीही आम्ही त्यांच्या नावावर बाकी म्हणून मांडणार असू, तर आमच्यासारखे कोते आम्हीच.

मागच्या आठवड्यात प्रीतीचा मला फोन आला. तिची सुट्टी संपत आली आहे. "काकू, तुम्ही या ना पुण्याला. पाच-सहा महिने तरी. अक्का असती तर प्रश्नच नव्हता." वाईट नाही ती पोरगी, अडलेली आहे. मी म्हटलं, सांगते. माझे यजमान पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जाऊन ये की. तुला आता इथं काय काम आहे? मोकळीच तर आहेस." मी भांडले नाही. भांडायला सुद्धा अंगात जोर लागतो. दुसऱ्या दिवशी अक्कांचं घर आवरायचं म्हणून मी एकटीच मुदखेडला गेले.

दोन खोल्यांचं घर. पार्वतीबाईंनी चहा दिला, किल्ली दिली. भांडी पोत्यात भरली, देव कापडात गुंडाळले, आणि मग आतल्या खोलीत आले. खिडकीला लागून खाट होती, स्वच्छ चादर घातलेली. मला वाटतं ती त्यांनी पाहुण्यांसाठीच ठेवली असावी. मी टेकले, मग आडवी झाले. बाहेर मालगाडीचे डबे जोडल्याचा आवाज आला आणि थांबला. खोलीत कोणी खोकत नव्हतं, कोणी पाणी मागत नव्हतं. डोळा लागत होता तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. प्रीतीच असणार. जाग आल्यावर तिला काय सांगायचं ते माझं ठरलं होतं, आणि ते एकाच शब्दाचं होतं. वाजून वाजून फोन थांबला. पुन्हा वाजायला लागला. मी भिंतीकडे तोंड केलं आणि झोपले.